मेरिटची फी

वैद्यकीय प्रवेशाचा मोसम आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता फिरायला लागतो. खुल्या गटाचा कट-ऑफ इतका, अमक्या प्रवर्गाचा तितका, आणि खाली ठरलेला सवाल: उद्या तुमच्या आईचं ऑपरेशन कुणाच्या हातून करून घ्याल? या तक्त्यात एक रकाना कधीच नसतो. वर्षाला वीस-पंचवीस लाख फी भरून अभिमत विद्यापीठात जागा घेतलेल्या मुलांना किती गुण होते, त्याचा. माहिती कुणी दडवलेली नाही, याद्या संकेतस्थळावर पडलेल्या असतात. त्या उघडून बघायला कुणाला सवड नसते, एवढंच.

भांडवलशाही समाजात ज्याची त्याची जागा निव्वळ गुणवत्तेवर ठरेल, हे शक्य आहे का? आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा तर या न भरलेल्या रकान्यापासून सुरुवात केलेली बरी. माझं उत्तर 'नाही' असं आहे. ते पेपरफुटी, वशिला किंवा डमी उमेदवार यांच्यावर बेतलेलं नाही. ती सरळसरळ चोरी आहे, आणि चोर निदान पकडता तरी येतो. परीक्षा शंभर टक्के स्वच्छ झाली तरी माझं उत्तर बदलणार नाही.

२०२४ च्या नीटचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचे, आकडे घ्या. परीक्षा दिली सुमारे २३ लाख ३३ हजार मुलांनी, पात्र ठरली १३ लाखांहून जास्त. एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून १ लाख १० हजारांच्या घरात, त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त सरकारी. खुल्या गटातल्या मुलाला पात्र ठरायला ७२० पैकी १६२ गुण पुरेसे होते. म्हणजे एका जागेमागे बारा जण पात्र. त्या वर्षी महाराष्ट्रात खुल्या गटातून सरकारी जागा हवी तर सहाशेच्या बरंच पुढे जावं लागलं. आता १६२ ते सहाशे या मधल्या अफाट पट्ट्यात डॉक्टर कोण होणार आणि बीएस्सीला कोण जाणार, हे कशावर ठरतं?

यादी शेवटपर्यंत गुणानुक्रमेच चालते, हे लक्षात घ्या. साडेपाचशे गुण मिळवलेली जिल्हा परिषद शिक्षकाची मुलगी अभिमत विद्यापीठाचा फीचा तक्ता बघते, साडेचार वर्षांचा हिशेब एक कोटीच्या पुढे जातो, आणि ती पसंतीक्रमात ते नावच भरत नाही. तिच्या मागचाही भरत नाही. त्याच्या मागचे हजारो भरत नाहीत. यादी खाली खाली सरकत जाते आणि क्रमांक व पैसा यांची जिथे गाठ पडते तिथे थांबते. नियम कुठेही मोडलेला नाही. प्रवेश मिळालेला मुलगा 'मेरिटवर' आलेला असतो आणि तसा दाखलाही त्याच्याकडे असतो. फक्त त्याच्या पुढचे सगळे आपण होऊन बाजूला झालेले असतात.

२०२३ मध्ये पदव्युत्तर नीटचं पात्रता पर्सेंटाइल सगळ्याच प्रवर्गांसाठी शून्यावर आणलं गेलं. परीक्षेला बसला तो पात्र. जागा रिकाम्या राहतात, हे कारण होतं. त्या वर्षी आईच्या ऑपरेशनची काळजी करणारा तक्ता काही माझ्या फोनवर आला नाही.

याची मुळं बरीच मागे जातात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. मराठी मुलं डोनेशन भरून कर्नाटकात शिकायला जातात, तो पैसा आणि ती मुलं इथेच राहतील, असा हिशेब होता. तो अगदीच चुकला असं म्हणता येणार नाही. ज्या तालुक्यांतून कुणी इंजिनिअर झालं नव्हतं तिथून इंजिनिअर निघाले, आणि शिक्षणसम्राटही निघाले. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठीच्या डोनेशनला, बंदी घालणारा कायदा राज्याने केला. त्यानंतर डोनेशनची पावती मिळेनाशी झाली.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्या प्रवासातला एक टप्पा मला फार बोलका वाटतो. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात कर्नाटकातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाची फी समोर आली: सरकारी कोट्यातल्या मुलाला वर्षाला २,००० रुपये, राज्याबाहेरच्याला ६०,०००. न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात तोडगा निघाला: निम्म्या जागा फ्री सीट, निम्म्या पेमेंट सीट. जास्त गुणांच्या मुलाला फुकटाजोगती जागा आणि कमी गुणांच्या मुलाच्या जादा फीतून तिचा खर्च. ऐकायला किती न्याय्य वाटतं! हुशार गरिबाचं शिक्षण ढ श्रीमंताच्या खिशातून.

झालं उलटं. फ्री सीट घेऊन गेली ती शहरातल्या चांगल्या शाळांत शिकलेली, क्लास लावलेली, खाऊनपिऊन सुखी घरातली मुलं. पेमेंट सीटसाठी जमिनी गहाण पडल्या त्या कमी गुणांच्या, बऱ्याचदा कमी ऐपतीच्या घरांच्या. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात उन्नीकृष्णनची योजना रद्द करताना न्यायालयाने ही विसंगती नोंदवली आहे. निकालाचा बाकीचा भाग, खासगी संस्थांना दिलेली मोकळीक, मला पटत नाही. पण हे निरीक्षण अचूक आहे. गुणवत्ता एका पारड्यात आणि पैसा दुसऱ्या, असं समजून योजना आखली होती. दोन्ही एकाच पारड्यात निघाले.

नंतर २००५ चा इनामदार निकाल. आपल्याच राज्याविरुद्धच्या खटल्यात सात न्यायाधीशांनी सांगितलं की विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. मात्र पंधरा टक्क्यांपर्यंत एनआरआय जागा चालतील. पहिला भाग संसदेने घटनादुरुस्तीने दुरुस्त केला, दुसरा राहिला. २०२४ मध्ये पंजाब सरकारने या एनआरआयच्या व्याख्येत लांबच्या नातेवाइकांनाही बसवलं. मामाच्या चुलत्याचा मुलगा टोरांटोत आहे, घ्या प्रवेश! उच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही हा निव्वळ पैसे काढण्याचा धंदा असल्याचं सुनावलं. लांबच्या नातेवाइकांचा मार्ग बंद झाला. पंधरा टक्के तसेच आहेत.

इथवर सांगितलं ते सगळं परीक्षेनंतरचं. जागा विकली जाते हे निदान दिसतं तरी. त्यावर लेख लिहिता येतो, कोर्टात जाता येतं. परीक्षेच्या आधी जे घडतं ते जास्त अवघड आहे.

लातूरला ट्यूशन एरियात एकदा संध्याकाळी फिरून या. अभ्यासिकेत प्लायवूडचे खण, प्रत्येक खणाला नंबर, चार्जिंगचं सॉकेट, समोर भिंतीवर चिकटवलेली आवर्तसारणी आणि तिच्या शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलेलं '६५०+'. मेसचा डबा दाराबाहेर. रविवारी टेस्ट, आणि पोर होस्टेलवर पोचायच्या आत त्याचे गुण बापाच्या मोबाइलवर. बीड, परभणी, नांदेड, धाराशिव इथून आलेली ही मुलं. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालयाने जो 'लातूर पॅटर्न' उभा केला त्याचा मला मनापासून आदर आहे. दुष्काळी भागातली पोरं योग्य शिकवणी आणि सराव मिळाला तर पुण्या-मुंबईला मागे टाकतात, हे त्याने दाखवलं. पण त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती आपण नीट वाचली नाही: गुण तयार करता येतात. आणि जे तयार करता येतं ते विकताही येतं.

ट्यूशन, होस्टेल, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज असं सगळं मिळून वर्षाला दीड-दोन लाख सहज जातात. मोठ्या नावाच्या क्लासला याहून जास्त. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. एकरी आठ क्विंटल धरले तर पाच एकरांचं चाळीस क्विंटल, म्हणजे सुमारे १ लाख ९६ हजार. हे हमीभावाने, बाजारात त्या हंगामात शेतकऱ्याच्या हाती बहुतेक ठिकाणी त्याहून कमीच पडलं. बियाणं, फवारणी, मळणी, मजुरी अजून वजा केलेली नाही. पाच एकरांचा अख्खा खरीप एका पोराच्या एका वर्षावर. आणि एका वर्षात 'नीट' निघत नाही.

तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये यावर अहवाल दिला. वैद्यकीय प्रवेश मिळवलेल्यांत रिपीटर मुलांचं प्रमाण २०१६-१७ मध्ये साडेबारा टक्क्यांच्या आसपास होतं, २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे 'नीट' काढायला दुसरं, कधी तिसरं वर्ष लागतं. क्लास नंतर स्वस्तही होईल, यूट्यूबवर फुकटही मिळेल, पण घरात अठरा-एकोणीस वर्षांचा हात कमाई न करता बसवून ठेवायची ऐपत यूट्यूबवर मिळत नाही. मुलगी असेल तर तिच्या 'ड्रॉप'च्या वर्षी घरी पाहुणे येऊन बसलेले असतात.

तरीही रिपीटर बॅचमधून आलेल्या त्या मुलाचे गुण खोटे नाहीत. तो खरोखर सोळा-सोळा तास बसला. त्याला जीवशास्त्र खरोखर जास्त येतं. कोट्यातली जागा विकत घेणाऱ्याकडे बोट दाखवता येतं. याच्याकडे कसं दाखवणार? पैशाची गुणवत्ता झाली आणि झाली ती अस्सल झाली. भांडवलशाहीत गुणवत्तेचं राज्य का शक्य नाही, याचं मुख्य कारण मला हे वाटतं. भांडवल मेरिटला बाजूला सारत नाही, ते एका पिढीत मेरिटचं रूप घेतं. मग त्या पिढीला प्रामाणिकपणे वाटतं की हे सगळं आपण कमावलं.

बरं, समजा हाही भेद मिटवला. सगळ्यांना सारखी शाळा, सारखा डबा, सारखी वर्षं. तरी पुढे बाजार आहेच, आणि बाजार गुणाला दाम देत नाही. गिऱ्हाइकाला जे हवं त्याला देतो. कबड्डी बघा. शकुंतला खटावकर यांच्या पिढीने कबड्डीत जे कौशल्य दाखवलं ते आजच्यापेक्षा कमी होतं असं मैदानावरचा कुठलाही जाणता माणूस म्हणणार नाही. त्या खेळातून मिळालं तर काय मिळायचं, रेल्वेत किंवा बँकेत नोकरी. २०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. चढाई तीच, दम तोच. मध्ये कॅमेरा आला. आणि २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात सगळ्यात महाग ठरली आपल्या सांगलीची स्मृती मानधना, ३ कोटी ४० लाखांना; पुढच्या वर्षीच्या आयपीएल लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना गेला. ती त्याच्या एक-अष्टमांश गुणी आहे, असं या आकड्यांवरून कुणी म्हणेल का? आकडे जाहिरातदार सांगतो ते आहेत.

मौज अशी की बाजाराचे जाणते पुरस्कर्ते हे कधीच नाकारत नव्हते. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिक हायेक यांनी स्पष्ट मांडलं होतं की बाजारातला मोबदला माणसाच्या लायकीचा पुरस्कार नसतो. त्याची सेवा इतरांना किती मोलाची वाटते त्यावर तो ठरतो, आणि त्यात नशिबाचा भाग मोठा. हायेकना ते चालत होतं. आपल्याकडच्या बाजारभक्तांना मात्र दोन्ही हवं असतं: दाम बाजाराने ठरवावा आणि तो आपल्या गुणांचा दाखलाही मानला जावा.

गिऱ्हाइकाच्या खिशातच पैसे नसतील तर काय होतं, तेही दिसलं आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा सेविकांचा जागतिक सन्मान केला. कोविडमध्ये दारोदार फिरणाऱ्या, बाळंतिणीला मध्यरात्री आरोग्य केंद्रात नेणाऱ्या या बाया. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. आठवड्यांच्या संपानंतर राज्याने पाच हजारांची वाढ मान्य केली. त्यांची सेवा ज्यांना मिळते त्यांना ती विकत घेता येत नाही, म्हणून तिला भाव नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भांडवलशाहीने जात-पेशाची साखळी तोडली, यंत्राला कामगाराची जात कळत नाही, कंपनीला काम येणारा माणूस हवा असतो. बाजार आंधळा असेल, पण निदान सोवळं पाळत नाही. यात तथ्य आहे; मुंबईच्या गिरण्यांनी गावकुसाबाहेरच्या कितीतरी कुटुंबांना पगार दिला. मात्र त्याच गिरण्यांत विणकाम खात्याचे दरवाजे दलित कामगारांना बंद होते, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आणि ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्टवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, बदललं होतं ते फक्त नाव. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा बरीच कमी निघाली, मुस्लिम नावाची त्याहून कमी. मुलाखतीपर्यंत पोचायच्या आत गुणवत्ता संपली.

मग काय, समाजवादात मेरिट होतं? नव्हतं. पक्षाचं कार्ड असलेल्याचा मुलगा तिथेही पुढेच जायचा, आणि आपल्या परमिट राजमध्ये फोनच्या जोडणीसाठीही कुणाची तरी ओळख काढावी लागायची. बाजाराने त्या वशिल्याचं कंबरडं बऱ्यापैकी मोडलं, हे मान्य करायला मला जड जात नाही. माझं म्हणणं बाजार उधळून लावा असं नाही. बाजाराकडून त्याला न झेपणारी गोष्ट मागू नका, असं आहे.

परीक्षेने एकच काम करावं: हा माणूस हे काम नीट करू शकेल की नाही, ते सांगावं. शस्त्रक्रिया करणाऱ्याला शरीर कळलं पाहिजे, यात तडजोड नको. उलट १६२ किंवा शून्य पर्सेंटाइल ही खरी तडजोड आहे आणि ती पैशासाठी केलेली आहे. किमान रेषा वर न्या, आणि ती सगळ्यांना लावा, कोटीची फी भरणाऱ्यालाही. पण त्या रेषेच्या वर ६४१ आणि ६४२ मध्ये फरक शोधत बसणं थोतांड आहे. तिथे सरळ सोडत काढावी. दचकू नका. नेदरलँड्सने १९७२ पासून कित्येक दशकं वैद्यकीय प्रवेश सोडतीने दिले, जास्त गुणवाल्याला सोडतीत जास्त संधी ठेवून. मध्यंतरी पद्धत बंद केली, आता विद्यापीठांना पुन्हा मुभा दिली आहे. त्या काळात तिथले डॉक्टर बिघडले असं काही ऐकिवात नाही. आपल्याकडे म्हाडाचं घर सोडतीत लागतं तेव्हा कुणी त्याला आपली लायकी म्हणत नाही, नशीब म्हणतो. जागा सोडतीत लागलेला डॉक्टरही थोडा नम्र राहील, हा वरचा फायदा.

दुसरी गोष्ट वारशाची. भारतात १९५३ पासून संपदा शुल्क, म्हणजे वारशाने जाणाऱ्या मालमत्तेवरचा कर, होतं, वरच्या टप्प्याला तब्बल ८५ टक्के. वसुली नगण्य, कटकट फार, म्हणून १९८५ मध्ये ते काढून टाकलं. दर अवाच्या सवा होता, हे खरं. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराचा नुसता उल्लेख झाला आणि एका दिवसात मोठ्या पक्षांनी हात झटकले. मेरिटवर श्रद्धा असलेल्या माणसाने तर हा कर सगळ्यांच्या आधी मागायला हवा. बापाची इस्टेट हा मुलाचा गुण कसा, हे त्यालाच पहिल्यांदा खटकायला हवं. मला अजून तसा एकही मेरिटवाला भेटलेला नाही.

आणि सगळ्यात खालची पायरी, पहिलीतला प्रवेश. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना पंचवीस टक्के जागा दिल्या. तिथे मेरिट विचारायचा प्रश्नच नाही, सहा वर्षांच्या पोराचं काय मेरिट, सोडतच निघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट दिली. शहरात अशी शाळा कुठे नसते? म्हणजे दार जवळपास बंदच. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. पालक आणि कार्यकर्ते कोर्टात गेले म्हणून हे झालं. त्यांच्या मागे मेरिटचा कैवार घेणारी गर्दी नव्हती, हे सांगायला नकोच. शाळांची एक तक्रार मात्र खरी आहे: या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती सरकार वर्षानुवर्षं थकवतं, आणि मग शाळा त्या मुलांकडे बुडीत खात्यासारखं बघायला लागते. ही थकबाकी द्यायला ना घटनादुरुस्ती लागते ना न्यायालयाचा निकाल. येत्या अर्थसंकल्पात ती तरतूद किती आहे, एवढं जरी कट-ऑफचा तक्ता पुढे ढकलणाऱ्यांनी बघितलं, तर तिथून बोलायला सुरुवात करता येईल.